मधुकररावांचं पथ्य

सेलू, ६ नोव्हेंबर १९७८

ती. यशोदाताईस,
चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून बाबा बोलत नाहीत, म्हणून तुलाच लिहितो. वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या शरयूसाठी संक्रांतीनंतर तू लग्नाचा शब्द टाकणार होतीस, तो आत्ताच टाक. तिचे वडील मधुकरराव यांच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा, जेवण अर्ध्यावर आणा, रोज चाला, तर नातवंडं पाहाल. झालं. शेजारचा मास्तर अच्युत त्यांना रोज पवनारच्या रस्त्यानं चालवून आणतो, ताटात दोनच पोळ्या वाढायला लावतो, अन् शरयू त्याचे गुण गाते. मी मंगळवारी कापूस घेऊन वर्ध्याला गेलो की पेढे नेतो, तर ती डबा दारातूनच परत करते. उपाशी ठेवणारा घरचा अन् खाऊ घालणारा परका, असं काऊन?

माया आहे तशीच राहू दे.
चंद्रभान

आर्वी, १३ नोव्हेंबर

चि. चंद्रभानास अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून हे हसले. म्हणाले, साळेबुवाले दुसऱ्याची भूकही सहन होत नाई. अरे, माझ्या सासऱ्यांना साठीत जिना चढताना धाप लागायची. ताट निम्मं केलं, रोज शेतापर्यंतचा फेरा धरला. आज बहात्तराव्या वर्षी आमच्या पुढे चालतात. अच्युतवर जळण्यापेक्षा तूही सोबत चाल. शब्द संक्रांतीनंतरच टाकीन.

भांडू नको, खुशाली कळवत जा.
यशोदा

सेलू, २ जानेवारी १९७९

ती. ताईस सा. न.

चालायची गरज उरली नाही. दर मंगळवारी मी मधुकररावांच्या ऑफिसात डबा पोचवतो, पेढे अन् तुपातले लाडू. ते आठवडाभर पुरवून खातात, घरी पत्ता नाही. मले म्हणाले, पोरा, घरचे माझा घास मोजून राह्यले, तूच एक माणूस भेटला. तिकडे दीड महिन्यात काटा किलोभरही उतरला नाही, मास्तर डोकं खाजवून राह्यला. शरयू त्याच्याशी आता धड बोलत नाही म्हणे. इतकं बरं मले कधी वाटलं नव्हतं. भाऊजींनाही सांग.

तुझा आनंदातला,
चंद्रभान

आर्वी, ५ जानेवारी

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

यांना सांगितलं, ते हसले नाहीत. डबा आजच बंद कर. त्या माणसाच्या जिवावर तू अच्युतला हरवतो आहेस. शरयूला स्वतः जाऊन सांग.

यशोदा

सेलू, ९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तुझं कार्ड मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच मधुकररावांना दवाखान्यात हलवलं. जीव वाचला आहे. मी गेलतो. पथ्य पाळूनही वजन कसं उतरलं नाही, असं डॉक्टर विचारत होते. मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं अन् डोळे मिटले. तेवढ्यात अच्युत म्हणाला, दोष माझा, मीच चालवण्यात कमी पडलो. शरयूनं त्याच्याकडे जसं पाहिलं, तसं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ताई, अंगाची लाही झाली. दोष माझा होता, तोही त्यानंच घ्यावा?

सगळ्यांदेखत मी डब्याचं सांगून टाकलं. तू म्हणशील, शहाणा झाला. तसं नाही, जळूनच सांगितलं. शरयूनं एवढंच विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, सात मंगळवार. तिनं मला बाहेर जायला सांगितलं, तेही हळू आवाजात, वडिलांना त्रास नको म्हणून.

संक्रांतीनंतर शब्द टाकू नकोस.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.
चंद्रभान