जुनं शास्त्र, तुमच्या नावानं

बाई,

आपल्या मंडळीतली शास्त्राची पुस्तकं, ती जुनी बायबलं, फाटली. नवीन घ्यायची आहेत, म्हणून गेल्या रविवारी उपासनेनंतर सगळे थांबले होते. मी जालन्याहून गेले होते. मी म्हणाले, या वेळी सोपं भाषांतर घेऊ, बायकांना कळेल. कमिटीतले आपले जुने पंच आता काठी टेकत येतात. ते म्हणाले, "न्हाई मॅडम, जुनंच. बाई दवाखान्यात होत्या तव्हा निरोप आल्ता त्यांचा. तुमच्याच तोंडून ऐकला की आम्ही. बाईचा शब्द मोडायचा न्हाई, बिलकुल न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली पाहिलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि माझं ते वाक्य अजून तुमच्या नावानं तिथे उभं आहे.

तुमचं स्वयंपाकघर मला स्पष्ट आठवतं. मी मराठी घेऊन नुकतीच एम.ए. झाले होते. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचा शास्त्राभ्यास घेत होता. बायका कापूस वेचून थेट यायच्या, ओढणीला, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. त्यांच्यासाठी कोणतं भाषांतर घ्यायचं ते त्या दिवशी ठरवायचं होतं. जुनं आणि सोपं, दोन्ही पुस्तकं तुम्ही पाटावर ठेवली आहेत. चुलीपुढे भाकरी करायला येणारी मावशी बसली आहे. मूळ ग्रीकशी कोणतं जास्त इमानी, हे तुम्ही पाळकसाहेबांना आधीच विचारून घेतलं होतं. दोन्ही सारखीच आहेत, असं ते म्हणाले होते. पुढची परीक्षा तुमची स्वतःची होती. हात कामात असलेल्या बाईला उतारा एकदाच वाचून दाखवायचा आणि तिनं तो तिच्या शब्दांत परत सांगायचा.

प्रेषिताच्या पत्रातला क्षमेचा उतारा मी जुन्यातून वाचला. चांगला वाचला. ते लांब वाक्य शेवटच्या क्रियापदावर येऊन टेकलं तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

"लई गोड वाटलं," मावशी म्हणाली.

"काय सांगितलं त्यात?" तुम्ही विचारलं.

"ते मला काय म्हाईत? गोड वाटलं."

"अगं, पण देव काय म्हणाला?"

"बाई, देव एवढं मोठं मोठं बोलून राह्यला. मी मधी कशाला तोंड घालू?"

तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. मग तोच उतारा तुम्ही सोप्यातून वाचलात. मावशीचे हात परातीत थांबले. "म्हंजे," ती म्हणाली, "जावेला मीच आधी माफ करायचं? तिनं माफी मागितली न्हाई तरी?" तव्यावरची भाकरी करपली. ती उलटायचं तिला भान नव्हतं. तिचा चेहरा रागावलेला होता. तुम्ही सोपं पुस्तक उचललंत आणि म्हणालात, "हे घ्यायचं."

पुढच्याच आठवड्यात तुम्हाला जालन्याला दवाखान्यात ठेवलं. कमिटीला सांगायचा निरोप तुम्ही माझ्याजवळ दिलात. सोपं भाषांतर, वीस प्रती. मी वडीगोद्रीला एसटीतून उतरले, तिथून जीपनं गावात गेले, कमिटीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, बाईंनी जुनं सांगितलंय. तोंडून निघून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. एसटीतच माझं ठरलं होतं. सोप्या मराठीत देव लहान होतो, असं मला तेव्हा वाटायचं. हे मला माझं मत म्हणून सांगता आलं असतं. पण तू कोण, असं कुणी विचारलं असतं तर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तुमच्या नावाला कुणी तसं विचारणार नव्हतं.

तुम्ही परत आलात तेव्हा पुस्तकं येऊन पडली होती. तुम्ही एक उघडून पाहिलंत आणि मिटलंत. एका बाईनं कुरकुर केली, "बाई, हे कशाला निवडलं हो? वाक्य संपेस्तोर सुरुवात इसरून जाते." मी भिंतीपाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणालात, "निवडलं खरं. आता समजावून सांगते." बायका गेल्यावर मला एवढंच बोललात, "तुला जुनं पाहिजे होतं तर तुझ्या नावानं मागायचं. माझं कशाला?" तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाही. दर गुरुवारी एकेक ओळ सोडवून सांगत राहिलात. दम लागायचा, मध्ये थांबायचात, पुन्हा सुरू करायचात. तुम्ही होता तोवर जुनं चाललं. तुम्ही गेल्यावर निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. मावशीही.

गुरुवार आता मी घेते. जुनं भाषांतर मला अजून आवडतं, घरी मी तेच वाचते. पण काल जाताना सोप्यातला तोच क्षमेचा उतारा कागदावर लिहून नेला. कागद जुन्या पुस्तकात ठेवला आणि पुस्तकातूनच वाचतेय असं दाखवत वाचला. सातजणी होत्या. कुणी हलली नाही. वाचून झाल्यावर पंचांची सून म्हणाली, "आज समदं कळलं. बाईचं शास्त्र सोपंच होतं की. आपलंच ध्यान नव्हतं इतके दिस."

"ध्यानच नव्हतं," दुसरी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं.

त्या माझ्याकडे बघत होत्या. कागद बाहेर काढून दाखवायला काही लागत नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हो. ध्यान द्यायला पाहिजे."

बाई, जुनं मी मागितलं होतं, तुम्ही नाही, हे त्या सातजणींना सांगायचं आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते आधीच माहीत आहे.