खाली आहे

दादा, मंगळवारी माझा सीटी स्कॅन आहे आणि घरात ते फक्त मला माहीत आहे. तुम्हांला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट सांगायला मला माझा बापच सुचला. महूच्या इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीत, तुम्ही जन्मभर हेच काम केलंत. माणसाला उघड्या छातीनं त्या थंड पत्र्याला टेकवायचं आणि पडद्याआडून म्हणायचं, "साँस लो. रोको. छोड़ो." आता ते मशीनच बोलतं. कुणा बाईचा आवाज भरून ठेवलेला आहे, फार सभ्य आहे. "साँस रोकिए," म्हणते, आणि नंतर सोडा म्हणायला तिला घाई नसते. तुमचं "छोड़ो" लवकर यायचं. समोरचा म्हातारा धापा टाकतोय हे तुम्हांला दिसायचं.

तुम्हांला झालं होतं तेच मला झालं. दोन वर्षांपूर्वी उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला, मग सलाइनमधून औषधं दिली, मग केस गेले आणि परत आले. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी स्कॅन करायचा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरसमोर बसायचं. तुम्ही बिडीला कधी शिवला नाहीत. मी मात्र तीस वर्षं प्रत्येक सभेनंतर सिगरेट पेटवली. लोक विचारतात, "पीत होते का?" मी हो म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी येतं, जणू निकाल लागला आणि त्यांची केस वेगळी निघाली. तुमचं नाव सांगितलं की ते विषय बदलतात. आजाराला न्यायाधीश करणाऱ्या माणसांचा मला अजूनही तितकाच राग येतो. राग कमी झालेला नाही दादा, फक्त वाक्यं लहान झाली आहेत.

तुम्ही माझी भाषणं ऐकलीत ती तरुणपणची. नंतर बँकेच्या युनियनमध्ये बोललो, एप्रिलमध्ये जयंतीला महूत माणसांचा पूर येतो तेव्हा त्या मंडपात बोललो. श्वास न घेता लांबच लांब वाक्य पेलायचो आणि क्रियापद शेवटी असं आपटायचो की मागच्या रांगेतला डुलणारा माणूस ताठ बसायचा. आता दर पाच-सहा शब्दांनी स्वल्पविराम येतो, आणि तो मी दिलेला नसतो. एकदा अशाच स्वल्पविरामात मी अडकलो. तिथपासूनचं सगळं तुम्हांला सांगायचंय.

त्याआधी घराचं सांगतो. आम्ही इंदूरला अन्नपूर्णा भागात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि ही, दोघंच. मुलगा पुण्यात आहे, सून तिथलीच. आजार निघाला त्या आठवड्यात मुलानं कायदा केला की घरात निगेटिव्ह बोलायचं नाही. हिनं तो मनापासून पाळला. मी जेवताना नुसतं गप्प राहिलो तरी म्हणते, "अहो, तोंड असं नका करू, चांगलं सोचा." शेजारीण मंदिराचा प्रसाद आणते, तो ही घेते, मी घेत नाही, यावर आमचं भांडण होतं. त्या भांडणात मला बरं वाटतं, कारण तेवढा वेळ मी आजारी नसतो. ज्या माणसाला आपली भीती बोलून दाखवता येत नाही तो गुलाम आहे, असं मी किती व्यासपीठांवरून ओरडलो असेन. आणि माझ्याच घरात भाजी-पोळीच्या ताटासमोर मी रोज हसरा चेहरा हजर केला. आशा असावी. पण आशेची सक्ती झाली की माणूस घरात राहूनही एकटा पडतो, हे मला एकाही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

मागच्या स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला मी एकटा गेलो. हिचा गुडघा दुखत होता, आणि रिपोर्ट आणणं आता नेहमीचंच झालं होतं. डॉक्टर सज्जन आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "भाई साहब, नीचे की तरफ एक छोटा-सा दाना दिख रहा है. पिछली बार नहीं था. हो सकता है कुछ भी न हो. छह हफ़्ते में दोबारा देख लेते हैं." मी घरी येताना रिक्षात वाक्य तयार केलं, जसं आयुष्यभर करत आलो: "खाली आहे एक छोटा दाणा, ऑपरेशनच्या जागी नाही, आणि डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही." जागा आधी सांगायची, म्हणजे धक्का कमी बसेल, असा हिशेब होता. चांगलं वाक्य होतं.

ही वरच्या जिन्यातच उभी होती. मी पहिला मजला चढून वळलो तर कठड्यावरून वाकून म्हणाली, "काय निघालं?"

"खाली आहे," मी म्हणालो, आणि माझा दम संपला.

कठडा धरून उभा राहिलो. पुढचे शब्द घशात होते, पण त्यांना ढकलायला हवा नव्हती. आणि वर, दादा, हिचा चेहरा उजळत गेला. आपल्या इंदुरी मराठीत डबाही खाली असतो, बसही खाली जाते, आणि माणूस जिन्यानं खालीही उतरतो. मी म्हणालो होतो तळाशी. हिनं ऐकलं रिकामं.

"खाली आहे?" तिनं पुन्हा विचारलं, आणि ती पायरीवर मटकन बसली. पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. कायदा तिनं स्वतःलाही लावला होता. माझा श्वास परत आला तेव्हा मी वाक्य पूर्ण करू शकलो असतो. मी मान हलवली.

तिनं तिथूनच मुलाला फोन लावला, स्पीकरवर. "तुझ्या बाबांचा रिपोर्ट खाली आला."

सूनबाईचा आवाज आला, "आई, खाली म्हणजे? कुठे खाली?"

ही रडता रडता हसली. "अगं तुमच्या पुण्याचं खाली नाही. आमचं खाली. म्हंजे एकदम क्लियर, कुछ भी नहीं."

"बघा बाबा," मुलगा म्हणाला, "सांगत होतो ना, पॉझिटिव्ह राहा. आता तर मानाल?"

"मानलं बाबा," मी म्हणालो.

त्या सगळ्या बोलण्यात एका सूनबाईनंच शब्द नीट ऐकला होता, आणि तिलाच आम्ही चूक ठरवलं. नंतर ही दुखरा गुडघा घेऊन दोन मजले उतरली, जलेबी घेऊन आली आणि मजल्यावरच्या तिन्ही घरी वाटून आली. मीही खाल्ली. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मीसुद्धा त्या शब्दावर विश्वास ठेवला. बरं झालेल्या माणसासारखं वागायला किती सोपं जातं. रिपोर्टची फाइल मी पुस्तकांच्या मागे सरकवली. ही ती कधी उघडत नाही. म्हणते, "त्यातलं इंग्लिश वाचलं की मला जेवण जात नाही. तुम्ही सांगाल तेच खरं."

आता साडेपाच आठवडे झाले. सुनेला सातवा लागलाय. रिपोर्ट खाली आला म्हणून हिनं बेधडक डोहाळजेवणाला जायचं ठरवलं, आणि तिथे महिनाभर राहायचंही. उद्या संध्याकाळची गाडी आहे. परवा सकाळी मी त्या बोगद्यात झोपेन आणि त्या सभ्य बाईचं ऐकेन. सांगितलं तर ही जाणार नाही. दोन वर्षांत प्रथमच तिनं स्वतःसाठी काही ठरवलंय, ते मोडेल. नाही सांगितलं तर ती पुण्यात सुनेची ओटी भरत असताना तिच्या पाठीमागे माझं खोटं उभं असेल. आणि दाणा वाढलेला निघाला, तर तो तिला फोनवर कळेल, आणि त्याबरोबर हेही कळेल की मी सहा आठवडे तिच्यासमोर बसून जेवलो.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी कॉलेजात होतो, तुमचा डबा घेऊन एक्स-रे खोलीत आलो होतो. मानपूरहून आलेली एक बाई बाकावर बसली होती, शेजारी तिचा नवरा, ट्रकवर असायचा. तुम्ही नुकतीच त्याची ओली प्लेट वाळायला लावली होती. तुमच्याकडून मी थोडंफार बघायला शिकलो होतो, काळी ती हवा, पांढरं ते विचारायचं. मी बाहेर जाऊन त्या दोघांसमोर उभा राहिलो आणि सुरू झालो. घाबरू नका, टीबी आता बरा होतो, औषधं सरकार देतं, ताबीज-गंडे बांधू नका. चांगलं बोललो. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इनको टीबी है?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरनं अजून प्लेट पाहिलीही नव्हती.

तुम्ही मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलंत. आवाज न चढवता म्हणालात, "तिनं तुला विचारलं होतं का?"

"दादा, मी तर हिंमत देत होतो."

"तू तिच्यासाठी नव्हता बोलत. तुला तुझाच आवाज ऐकायचा होता." मग डबा घेतलात आणि आत गेलात. मी कित्येक दिवस तुमच्याशी बोललो नाही. मला वाटलं, अशिक्षितांना जागं करणाऱ्या मुलाची बापाला किंमत नाही.

आणि मग तो दुसरा दिवस. महूचं स्वयंपाकघर, आई ज्वारीची भाकरी थापतेय, मी बँकेतून शनिवारी आलोय. तुम्ही पाटावर बसलाय, काखेत तपकिरी पाकीट. कामावरून सुटता सुटता सहकाऱ्याकडून स्वतःची प्लेट काढून घेतली होतीत. मला हे आजही समोर दिसतं. तुम्ही पाकीट मांडीवर ठेवता आणि म्हणता, "ऐक रे जरा. मला काहीतरी बोलायचंय. हे बघ, यात..."

मी तुम्हांला बोलू दिलं नाही. मुंबईला नेऊ, म्हणालो. आपल्या लोकांनी काय काय सोसलंय, हा आजार काय चीज आहे, म्हणालो. या घरात हार मानायची भाषा चालणार नाही, म्हणालो. आईची भाकरी तव्यावर करपली आणि ती डोळे पुसत माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आयुष्यातलं सर्वांत खरं भाषण केलं. तुम्ही पूर्ण ऐकलंत. मग म्हणालात, "छान बोलतोस." पाकीट उघडलंच नाहीत. चार महिने जगलात आणि त्या विषयावर एक शब्द बोलला नाहीत. औषधं घेतलीत, मुंबईला आलात, मी म्हणालो तसं सगळं केलंत. तुम्हांला काय बोलायचं होतं ते मला कधीच कळलं नाही. भीती होती का? आईची काळजी होती का? की नुसतं एवढंच हवं होतं, की त्या प्लेटकडे कुणीतरी तुमच्याबरोबर दोन मिनिटं बघावं? तुम्ही रोज दुसऱ्यांच्या छातीतलं बघत होतात आणि तोंड मिटून घरी येत होतात. एकदा तुम्हांला बोलायचं होतं, आणि तेव्हा मी बोलत होतो.

लोक मला धीट म्हणतात. मी धीट नव्हतो दादा. त्या पाकिटाची मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी बोलत सुटतो. बस.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिलं परवा लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं, तर ते भाषण झालं होतं, म्हणून फाडलं. हेही कुठे जाणार नाही. तुम्हांला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही आता मधे बोलू शकत नाही. ही बोलेल. चिडेल, सामान सोडून ठेवेल, मला खोटारडा म्हणेल, आणि ते सगळं मला उत्तर न देता ऐकावं लागेल. चाळीस वर्षांत मी ते एकदाही केलेलं नाही.

आत्ता रविवारची सकाळ आहे. स्वयंपाकघरात ती पुण्याला न्यायच्या शेवेच्या पिशव्या बांधत होती. "तिकडची शेव म्हणजे नुसतं बेसन," तिचं चाललं होतं. एवढं लिहून मी उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.

"काय लिहिताय सकाळपासून?" तिनं वर न बघता विचारलं. "कुठे भाषण आहे का?"

"नाही."

"मग? माझ्या पाठीमागे सभा नका घेत बसू हां महिनाभर. दम लागतो तुम्हांला."

"त्या दिवशी जिन्यात," मी म्हणालो, "मी जे बोललो ना, ते अर्धं राहिलं होतं."

तिचे हात थांबले. मी वाट पाहिली की ती काहीतरी गमतीचं म्हणेल. तिनं पिशवीला गाठ मारली, गॅस बंद केला, स्टूल ओढून बसली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बोला."

मी म्हणालो, "थांब, चष्मा घेऊन येतो. रिपोर्टच वाचून दाखवतो," आणि इथे टेबलाशी आलो. ती आत बसली आहे. फाइल मी पुस्तकांच्या मागून काढली आहे, ती समोर आहे, आणि तरी मी उभ्या उभ्या तुम्हांला या ओळी लिहितो आहे. चष्मा माझ्या डोळ्यांवरच आहे.