ताण्यातला एक धागा

बाबा, मी पवनीला आले आहे. तुमचा माग होता तिथे आता आईची शिलाई मशीन आहे, तिच्याच फळीवर कागद ठेवून लिहिते आहे. शाळेत जायच्या आधी मी मोजायला शिकले ते तुमच्या ताण्यावर. उभे धागे ताणून बसवलेले आणि आडवा धागा घेऊन धोटा त्यांच्यातून ये-जा करणारा. माझं आताचं कामही काहीसं तसंच आहे. फर्मिऑन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीचे कण. त्यांच्याभोवतीचं गेज क्षेत्र, म्हणजे त्यांच्यावर बळ लावणारं क्षेत्र, आम्ही आधीच ठरवून ठेवतो आणि त्यात ते कसे वागतात ते बघतो. क्षेत्र हळूहळू बदललं की कणांच्या ऊर्जेच्या पातळ्या सरकतात. त्यातल्या किती शून्य ओलांडून वर जातात, ते मोजायचं. माझ्या मोजणीत एकही ओलांडत नव्हती. तसं लिहून, मार्गदर्शक बाईंच्या नावासह, मी निबंध छापायला पाठवला. मग लक्षात आलं, कडेची एक पातळी मी गणिताचा दोष समजून गाळली होती. ती धरली की निष्कर्षच उलटतो.

अकरा दिवस मी कोणालाच सांगितलं नाही. सारखी माझ्या लहानपणीची ती कोसा रेशमाची साडी आठवत होती. तुम्ही विणलेल्या कापडावर बोट फिरवता फिरवता थांबता. "इथं एक सूत कमी आहे." उभे धागे ज्यातून ओवतात त्या मागाच्या फणीच्या एका घरात धागाच नसतो. तुम्ही सकाळपासून विणलेलं उकलायला बसता. शेजारचे काका दारातूनच हसतात, "काहून उकलून राहिला गा? गिऱ्हाईक का सूत मोजून घेते?"

"तो नाही मोजत, म्हणूनच तं आपल्याले मोजा लागते."

मग चष्मा पुसत तुम्ही म्हणालात, "माझे डोळे गेले आता." त्यानंतर बारीक काम तुम्ही घेतलंच नाही. मी दहावीत असताना तुम्ही गेलात, तोवर जाडंभरडंच विणत राहिलात.

परवा मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "निबंध मागे घेऊ. पण इतके दिवस का थांबलीस?" संपादकांना पत्र लिहिलं, ते गेलंही. हे पत्र कुठे पाठवू?

बाबा, ती साडी उकललीत त्याच्या आदल्या रात्री तुम्ही जेवायला उठला होतात. मोजता मोजता तो धागा माझ्या नखाने तुटला. मी तो फणीतून ओढून काढला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला. तुमचे डोळे चांगले होते.