तीन वेळा थोपटल्यावर

ती. मावशीस,

नमस्कार. चौकशी खाली करते. आधी घडलं ते.

१. रविवार, सकाळी सव्वादहा. बस स्थानक, फलाट क्रमांक चार.
२. तू बॅग खाली ठेवून मला मिठी मारलीस. मीही मारली.
३. तू माझी पाठ थोपटलीस. तीनदा.
४. मी ताबडतोब हात सोडले, एक पाऊल मागे गेले आणि विचारलं, "कुठे लागलं का?"
५. तू माझ्याकडे पाहिलंस, बॅग उचललीस आणि बसमध्ये चढलीस. जागा खिडकीची होती. खिडकीतून पाहिलं नाहीस.
६. त्यानंतरच्या नऊ दिवसांत मी तुला फोनवर सहा निरोप पाठवले. सहाही निरोपांना तुझं उत्तर "हो" आहे. त्यांतल्या एकात मी "गुडघा कसा आहे?" असं विचारलं होतं.

तर, गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? मी बरी आहे (डावं कोपर वगळता, त्याबद्दल पुढे). आईकडून कळलं की तू म्हणालीस, "पोरगी परकी झाली, अंगाला हात लावलेला खपत नाही तिला." हे निदान चुकीचं आहे. गेले पाच महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी मी लोकांना अंगावर बसू देते आणि तेही फी भरून.

मी जिउ-जित्सू शिकते आहे. एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. पाटीवर 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' असं लिहिलंय. ठोसे-लाथा पहिल्या खोलीत चालतात. दुसरीत निळ्या गाद्या, व्हिनेगरने पुसल्याचा वास आणि आम्ही. आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही. नुसतं धरायचं, पाडायचं, आवळायचं आणि सांधा उलटा वळवायचा. मी गेले ते फक्त कुतूहलापोटी. आमच्या प्रयोगशाळेत दाबमापकं तपासून घ्यायला एक बाई यायच्या. चणीने अगदी लहान. एकदा त्यांनी सहज बोलता बोलता आमच्या धिप्पाड स्टोअरकीपरला मनगट धरून खुर्चीत बसवलं. तो दोन मिनिटं उठला नाही. उठता येत नव्हतं म्हणाला. मला ते बळ कुठून येतं ते कळेना, म्हणून त्या शिकतात त्या वर्गाचा पत्ता घेतला. (लहानपणी तुझं गजराचं घड्याळ मी याच कारणासाठी उघडलं होतं. तो विषय आपण मिटवलाय असं मी धरून चालते.)

माझी जोडीदार म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक काकू. वय पंचावन्न, उंची माझ्या खांद्याइतकी. कात्रीने चाळीस वर्षं जाड कापड कापून त्यांच्या हातांत जी पकड आलीय, ती मोजायला आमच्याकडे यंत्र नाही. माझा गळा आवळताना त्या मायेने विचारतात, "घट्ट होतंय का गं? सैल करू?" सवय आहे त्यांची. मी पहिले तीन आठवडे "नाही" म्हणत राहिले. कोपर नेमक्या किती अंशांवर थांबतं ते मला पाहायचं होतं. कोपराने ते सांगितलं. आम्हाला शिकवणारे सर म्हणाले, "ताई, दाबमापक काटा फिरवून तरी दाखवतं. तुम्ही तर तोंड मिटून बसता. पुरे झालं की थोपटायचं." मला हे फार विचार करण्यासारखं वाटलं. मी दिवसभर यंत्रांना विचारते, किती दाब आहे. मला ते कुणी विचारलं नव्हतं.

तर नियम असा. सहन होईना की समोरच्याला कुठेही दोन-तीनदा थोपटायचं: हातावर, मांडीवर, पाठीवर. थोपटल्याबरोबर दुसऱ्याने सोडायचं, मागे व्हायचं आणि लागलं का ते विचारायचं. सर हे आमच्याकडून डोळे मिटून करून घेतात. "विचार करून सोडलंत तर उशीर झालेला असतो," म्हणतात. त्यामुळे मी आता विचार करत नाही. (गेल्या महिन्यात बैठकीत मी साहेबांची चूक दाखवत होते. त्यांनी वैतागून टेबलावर दोनदा हात आपटला आणि मी वाक्याच्या मध्येच गप्प झाले. आता ते मला पाहिलं की आधीच टेबलाजवळ जाऊन उभे राहतात.)

आता कलम तीन आणि चार पुन्हा वाच.

आपल्या घरात मिठी मारणारी तू एकटीच. आई माणसाच्या हातात डबा देते. मला तू दहावीच्या निकालाला मारलीस, नोकरी लागली तेव्हा मारलीस, आणि परवाची तिसरी. तिसरी मी चार सेकंदांत संपवली.

तुझी,
(तूच ठेवलेल्या नावाने) फूटपट्टी

ता. क. कोपर आता पूर्ण सरळ होतं. आईला मात्र मी 'व्यायामाला' जाते एवढंच माहीत आहे. तेवढंच राहू दे.

ता. क. २. दोष लक्षात आल्यावर मी दुरुस्तीला लागले. गादीवर हा प्रयोग धोक्याचा, म्हणून चपलांच्या फळीपाशी काकूंना सांगितलं की मला मिठी मारा आणि थोपटा. पहिल्या चार वेळा मी हात सोडलेच. नवव्या वेळी अकरा सेकंद टिकले. सरांनी विचारलं, "हे काय चाललंय?" काकू म्हणाल्या, "हिच्या मावशीची तयारी." त्या संध्याकाळी कुणाशीही जोडी लावण्याआधी सरांनी माझ्याकडून वीस वेळा सोडण्याचा सराव करून घेतला.

ता. क. ३. पुढच्या बुधवारी तुमच्या गावच्या रुग्णालयात दाबमापकं तपासायला माझं नाव आलं आहे. (आलं नव्हतं. मी मागून घेतलं.) काम चारला संपेल, परतीची बस सातची. मला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे आणि ती पत्राने कळणार नाही: तू तीनदाच थोपटणार होतीस, की अजून होती? या वेळी तू हवं तेवढं थोपट. मी मोजणार नाही.

घरी येऊ का, ते सोमवारपर्यंत कळव. नुसतं "हो" चालेल.