झाकण लावल्यावर

सोम., ३ नोव्हें.
अंधेरी, वैजूचं वर्कशॉप. माझ्या हाताखाली शिकलेली वेसाव्याची पोर, आता मालकीण. मी तिच्याकडे जाऊन-येऊन. हवामानाच्या रडारचा अॅम्प्लिफायर. लांबच्या ढगावरून परतणारा सिग्नल इतका क्षीण, की त्यात आपली खरखर मिसळली की संपलं. आज खरखर हवी त्याहूनही कमी. ती कमी करायला सर्किटवरचे तांब्याचे कण टूथपिकच्या टोकाने सरकवताना मी पुटपुटत असणार.
"सर, मंत्र म्हणताय?"
"आठवीतली कविता."
"मग मोठ्याने म्हणा ना, त्यालाही कळू दे."
तिसरं कडवं आठवलं नाही.

बुध., ५
अॅम्प्लिफायरच्या धातूच्या डबीला झाकण लावलं आणि तो स्वतःच किंचाळायला लागला. काढलं, गप्प. लावलं, पुन्हा तेच. बंद डबीत लहरी घुमतात, बाहेर पडलेलं परत आत शिरतं. डबीचं माप माझं. ऐसपैस धरलेलं.
वैजू : "वाट लागली ना, सर."

गुरु., ६
वैजूने झाकणाला आतून लहरी शोषणारं काळं रबर चिकटवलं. गप्प झाला. मी नको म्हटलं. समुद्रकाठी उन्हात गोंद किती टिकणार? पुढच्या आठवड्यात दिला नाही, तर गिऱ्हाईक परदेशी तयार माल घेणार. माझं डिझाइन बाद.
"तुमचंच डिझाइन वाचवतेय मी, आणि तुम्हीच आडवे पडताय!"
खरं आहे. तरी...

शनि., ८
मुलुंड. घरीच. डोंगर धुरकट. वृत्त भरायला घुसडलेल्या 'च'खाली आमचे मराठीचे मास्तर लाल रेघ ओढायचे. रबर म्हणजे तसला 'च'.
दुपारी पडल्या पडल्या सुचलं : डबीत मध्ये पितळेची पट्टी उभी केली तर? एका हॉलच्या दोन खोल्या. घुमायला जागाच नाही. सौ.ला सांगितलं. म्हणाली, "आपल्या हॉलचं काय ते बघा आधी, पंखा किती दिवस बंद आहे."

सोम., १०
पट्टी बसवली. झाकण लावलं. गप्प.
खरखर मात्र किंचित वाढली. म्हटलं, उघड, दोन कण सरकवतो.
"मर्यादेत आहे, सर. हात लावायचा नाही."
झाकणाच्या स्क्रूंवर सीलची लाल लाख तिनेच लावली. मी बघत होतो. गेल्या सोमवारचा खरखरीचा आकडा फार सुंदर होता.

बुध., १२
वैजूचा फोन. भट्टीत तापवून पास. आता गारठ्यात ठेवलाय. खरी परीक्षा तीच. गार पडला की हा जास्त जोर करतो, किंचाळायचा तर तेव्हाच. येतो म्हटलं.
"नका येऊ. आलात की उघडाल. मी करते ना फोन."
सौ.ने विचारलं, वाढू का. वाढ म्हटलं. फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. वरण वाढताना तिनेच तो सरळ केला.