तीन इक्बाल आणि एक फटफटी

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

वसुलीवाला आज पुन्हा आला, तोही मी शाळेत असताना. मोहल्ल्यात आम्ही तीन इक्बाल. एक बर्फवाला, एक कुवेतवाला आणि मी मास्तर. पोस्टमन कधी चुकत नाही. पण बर्फवाल्याच्या आणि माझ्या बापाचं नावही एकच, त्यामुळे त्याच्या फटफटीचे थकलेले हप्ते बँकेच्या अहवालात माझ्या नावावर. माझं घराचं कर्ज त्यापायीच अडलंय.

मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही, हे त्या माणसाला दोनदा सांगितलं. म्हणे, "एक हप्ता भरा मास्तर, मग नाव काढू." एक हप्ता भरला की कर्ज माझंच झालं. मूर्ख समजतो का मला?

पण अम्माला हे कुठे ठाऊक? तिने त्याला चहा दिला, पाहुण्यांच्या कपात. चहा पिऊन तो पडवीतून मुद्दाम मोठ्याने बोलू लागला. शेजारी बाहेर आले. तेव्हा अम्मा म्हणाली, "माझा पोरगा कोणाचं ठेवत नाही, देईल." हरामखोराने तेवढंच लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली.

तिला वाटतंय, तिने घराची अब्रू राखली. काय बोलणार मी तिला? उद्या रजा टाकून बँकेत लेखी तक्रार देतो आणि पोच घेतल्याशिवाय हलत नाही. बर्फवाल्यालाही सोबत नेतो, मानगूट धरून न्यावं लागलं तरी.

तो कप अजून पडवीतच आहे. मी उचलणार नाही.

आत्ता जेवताना अम्माने हळूच विचारलं, "इक्बाल, फटफटी कधी घेतलीस रे?"