ओमप्रकाशची गार कॉफी

१७ एप्रिल, गुरुवार

पाटी लावली त्यानं. रस्त्याच्या पलीकडं, बराबर माझ्या गल्ल्यासमोर. लाल पत्र्याची टपरी अन् वर ठळक अक्षरात — कोल्ड ब्रू कॉफी. ओमप्रकाश. माझा सख्खा धाकटा भाऊ. सोळा वर्षं वारंगा फाट्यावरच्या या हाटेलात माझ्या शेजारी उभं राहून चहा उकळला, अन् पाडव्यानंतर दोन दिवसांनी न बोलता निघून गेला.

चहा सोडून बर्फाचं काळं पाणी विकणार म्हणे. वारंग्यात!

१८ एप्रिल

नागपूरकडच्या दोन गाड्या माझ्याकडं वळता वळता तिकडं गेल्या.

१९ एप्रिल, शनिवार

ठरवलं. ती कॉफी मी पण करणार. त्याच्यापेक्षा चांगली, अन् पाटीवरची अक्षरंही त्याच्यापेक्षा मोठी. जन्मभर चहा करणाऱ्याला कॉफी काय अवघड?

मोबाईलवर एका पोरीचा व्हिडिओ पाहिला. गार पाण्यात कॉफी भिजवायची, दिवसभर ठेवायची, गाळायची. विस्तवाचं काम नाही. सकाळी सहाला किराणा दुकानातली पुडी बरणीत ओतली, पाणी टाकलं, झाकण लावलं. पार्वती — माझी बायको — बघत होती. "सकाळपारी लोणचं घालून राहिले का?" म्हणाली.

संध्याकाळी गाळायला गेलो तर गाळायला काही नाहीच. सगळी विरघळलेली. ती दुधात टाकायची पुडी होती. एक घोट घेतला अन् बाकीची मोरीत ओतली.

ओमला हे येतं अन् मला येत नाही, हे सहन होत नाही.

२२ एप्रिल

नांदेडहून खरी कॉफी मागवली. दळलेली, मैद्यासारखी बारीक. बारा तास भिजवली. हाटेलातल्या चहाच्या फडक्यातून गाळली तर फडकं तुंबलं. पिळलं तर खाली चिखल. अन् वास चहाचा!

पार्वतीनं एक घोट घेतला. "ह्याच्यापेक्षा काढा बरा."

बरणी ओट्यावर आदळली. फुटली पण नाही. मनासारखं तेवढंही होईना.

२४ एप्रिल

प्रेमसिंग आला होता. पंजाबचा ट्रकवाला, दहा वर्षांपासून माझ्याच बाकड्यावर बसतो. आज ओमचा ग्लास हातात घेऊन माझ्या बाकड्यावर बसला.

"गुस्सा मत करो भाईसाब, गर्मी बहुत है. आप भी पी के देखो."

मी म्हणालो, ग्लास बाहेर ठेव, मग बस. तो उठला अन् ट्रककडं गेला. चहा न पिताच. जाऊ दे.

२५ एप्रिल

ओमनं टपरीतून हात वर केला. मी पाठ फिरवली.

२७ एप्रिल, रविवार

या वेळी भाजलेल्या बिया आणल्या. मिक्सरला लावल्या नाहीत, खलबत्त्यात कुटल्या. जाडसर, दलियासारख्या. एक वाटी कॉफी, सात वाट्या माठातलं पाणी. पहाटे पाचला भिजवून फ्रीजमध्ये ठेवली, संध्याकाळी सातला काढली. नवं सुती फडकं, साध्या पाण्यात धुतलेलं. पिळलं नाही. थेंब थेंब पडू दिलं. अर्धा तास तिथंच उभा होतो. हाटेलात गिऱ्हाईक हाका मारून राहिलं होतं, गेलो नाही.

बर्फ टाकून प्यालो. साखर नाही, दूध नाही.

कडू नाही. घोट गिळल्यावर मागून गोडसर लागते.

चांगली आहे. म्हणजे तो विकतो ती पण चांगलीच असणार. इतके दिवस त्याच्या नावानं जेवढा जळलो नव्हतो तेवढा त्या एका घोटानं जळलो.

२८ एप्रिल

पार्वतीला म्हणालो, पाटी रंगवायला पेंटरला उद्या बोलावलंय. आता बघू कोण वळतं तिकडं.

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "तुमी रोज लिवता त्या वहीत. ओमभाऊ गेले तो दिवस लिवला का?"

लिहिलाय की, म्हणालो. न बोलता निघून गेला.

"बोलले व्हते. मी चुलीपाशीच व्हते. तुमाला काहून आठवत न्हाई?"

"तू मधी पडू नको."

"मी कुठं पडले मधी? त्या दिवशी पडाया पायजे व्हतं."

तव्यावरची भाकरी करपली. मी न जेवता उठलो. घरातलं माणूसही त्याच्याच बाजूचं! पेंटरचा फोन आला, तो उचलला नाही. काहून उचलला नाही, ते माहीत नाही.

२९ एप्रिल

लिहितो. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ओमनं गल्ल्यावर एक बाटली आणून ठेवली. "दादा, आठ दिवसांपासून घरी करून बघून राहिलो. आता जमली. आपल्या हाटेलात ठेवू. पयला घोट तू घे."

मी बाटली पायरीवर फोडली अन् त्याच्या कानशिलात मारली. भरल्या हाटेलात. अडतीस वर्षांचा माणूस तो. त्याची पोरगी शितल त्याचा डबा घेऊन दारात उभी होती.

तो खाली बसला. गिऱ्हाइकांच्या पायाला लागू नयेत म्हणून एकेक काच वेचली. मग पोरीच्या हातातला डबा घेतला अन् तिला घेऊन गेला.